सपाट षटकोन

गोलाचा पृष्ठभाग नुसत्या षटकोनांनी झाकता येत नाही. कुठे ना कुठे पंचकोन घालावेच लागतात. फुटबॉलसारखे फक्त पंचकोन आणि षटकोन वापरायचे, आणि प्रत्येक कोपऱ्यात तीनच आकृत्या येऊ द्यायच्या, असं ठरवलं तर पूर्ण गोलाला बारा पंचकोन लागतात. अकरा नाहीत, तेरा नाहीत. नोकरीच्या सव्वीस वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलं की घरची मंडळी ते माझ्याआधी पूर्ण करत.

मी धायरीतल्या एका कारखान्यात होतो. आम्ही डोम बनवत असू, म्हणजे लोखंडी दांड्यांचे अर्धगोल सांगाडे. रोपवाटिका, हॉटेलं, शेतावरच्या खोल्या, शाळांमधली मुलांची चढायची खेळणी, असं काहीही. दांडे कापणं, भोकं पाडणं आणि जोडणं ही कामं इतर करत. कोणता दांडा किती लांब आणि कुठे लागायचा, हे कागदावर ठरवणं माझं काम. थोडक्यात, गोलाचे तुकडे करणं.

गिऱ्हाइकांना तुकड्यांशी देणंघेणं नसतं, पण पंचकोनाशी असतं. खडकवासल्याच्या बाजूला शेतघर बांधणारे एक गृहस्थ ड्रॉइंग बघून म्हणाले, "हे पाच कोनांचे काढून टाका. मला सगळे सहाचे हवेत."

"सगळे सहाचे बसत नाहीत."

"मधमाशीला बसतात."

"पोळं सपाट असतं. आपल्याला घुमट हवाय."

त्यांनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं. "बरं, मग असं करा, पाचचे मागच्या बाजूला घ्या. पुढून दिसायला नकोत."

त्यांच्यासाठी मी कागदी षटकोन कापले. तेव्हापासून तो संच टेबलाच्या खणात कायम ठेवला. तीन षटकोन एका बिंदूपाशी आणले की जागा पूर्ण भरते. फट उरत नाही, म्हणून कागद वाकत नाही. असे कितीही जोडत जा, फरशीच तयार होते. त्यातल्या एकाच्या जागी पंचकोन ठेवला की थोडी फट पडते. ती मिटवायला कडा जवळ ओढल्या की कागद वाटीसारखा वर उचलला जातो. गोल पूर्ण मिटायला अशा बारा वाट्या लागतात, आणि त्या सगळीकडे सारख्या पसराव्या लागतात. मागच्या बाजूला ढकलल्या तर गोल न होता बटाटा होतो. गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण शिक्षक व्हायला हवं होतं." पुण्यात ही स्तुती नसते.

ही प्रस्तावना एका सोमवारच्या सकाळसाठी आहे. त्या सकाळी कात्रजच्या एका शाळेत आमचा डोम मुलांसाठी खुला होणार होता आणि त्यात कुठेतरी एक षटकोन सपाट होता. तो कसा झाला हे समजायला आणखी थोडी भूमिती लागेल.

फुटबॉलच्या शिवणी डोळ्यांपुढे आणा. शिवणींच्या जागी दांडे कल्पा. ते सगळे एकाच लांबीचे असतात. आता प्रत्येक पंचकोनाच्या मध्यापासून त्याच्या पाच कोपऱ्यांपर्यंत चाकाच्या आऱ्यांसारखे पाच दांडे लावा आणि षटकोनाच्या मध्यापासून सहा. झाला आमचा डोम. त्यात तीनच लांब्या असतात: शिवण, पंचकोनाचा आरा आणि षटकोनाचा आरा. पंचकोनाचा आरा बराच आखूड, तो हातात घेताच कळतो. षटकोनाचा आरा शिवणीपेक्षा किंचित लांब असतो. शाळेच्या त्या डोममध्ये दोन्ही दांडे मीटरभराचे होते आणि त्यांच्यात फरक होता बावीस मिलिमीटरचा. म्हणजे एका बोटाचा.

सपाट कागदावर काढलेल्या षटकोनात आरा आणि बाजू अगदी सारख्या असतात. शाळेत कंपासने षटकोन काढलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. डोममध्ये आरा एक बोट लांब ठेवला की तो सपाटीत मावत नाही आणि षटकोनाचा मध्य बाहेर फुगतो. किती? चांगला वीतभर. एका बोटाच्या फरकातून एक वीत फुगवटा मिळतो. सांगाड्याची ताकद या फुगवट्यात आहे. कमान वरून दाबली तरी उलटी होत नाही, तसंच.

उलट बाजूने पाहा. आऱ्यांच्या जागी चुकून शिवणीचे सहा दांडे लागले, तर षटकोन सपाट बसतो. न ठोकता, न ओढता, प्रत्येक बोल्ट आपल्या भोकात. बरोबर षटकोन बसताना त्रास देतो. चुकीचा कुरकुर न करता बसतो.

अशी चूक होऊ नये म्हणून कारखान्यात खुणा होत्या. प्रत्येक दांड्याच्या टोकाला रंगाचं कडं: पंचकोनाचा आरा तांबडा, शिवण पिवळी, षटकोनाचा आरा निळा. मोजमाप कारखान्यात होई. साइटवर टेप काढायची नाही, रंग वाचायचा, असा नियम. टेप काढणारा फिटर नवखा समजला जाई.

आमचे सर्वांत जुने फिटर वामनराव. मूळचे यवतमाळकडचे, पुण्यात तीस वर्षं काढलेले, पण बोलण्याला पुण्याचं वारं न लागलेलं. ड्रॉइंग ते एकदाच बघत. नंतर घडी घालून खिशात ठेवत आणि डोम उभा राहीपर्यंत काढत नसत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कामाबद्दल माझ्याकडे कधी तक्रार आली नव्हती.

कात्रजच्या शाळेची एक अट होती. चित्रकलेच्या शिक्षकांना सगळे दांडे रंगीत हवे होते. तांबडे, पिवळे, निळे, हिरवे, मिसळून. आमची कडी त्या रंगांत हरवली असती. मी उपाय काढला. कड्यांऐवजी टोकापाशी पंचने ठोकून खोलगट ठिपके मारायचे: पंचकोनाच्या आऱ्याला एक, शिवणीला दोन, षटकोनाच्या आऱ्याला तीन. वरून रंग. उपाय मला सुटसुटीत वाटला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तशी टीप लिहिली आणि कागद खाली पाठवून दिला. वामनरावांना त्याबद्दल विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे, असं वाटलं नाही.

शनिवारी डोम उभा राहिला. व्हॉट्सॲपवर फोटो आला. छान दिसत होता. फोटो फाटकाच्या बाजूने काढलेला होता.

सोमवारी सकाळी उरलेला माल परत आला. प्रत्येक लांबीचे सहा दांडे आम्ही जादा पाठवायचो, सहाचा एक जुडगा तारेने बांधून. षटकोनाचे आरेही सहाच्याच जुडग्यांत जात, एक जुडगा म्हणजे एक षटकोन. परत आलेला माल मोजणं माझ्या कामात नव्हतं, पण सवय होती. एक ठिपकेवाले सहा होते. तीन ठिपकेवाले बारा होते. दोन ठिपकेवाला एकही नव्हता.

याचा अर्थ एकच. शिवणीचे सहा जादा दांडे डोममध्ये आऱ्यांच्या जागी बसले होते आणि खरे आरे इथे माझ्यासमोर पडले होते.

वामनराव शेजारीच चहा पीत होते. मी त्यांना जुडगे दाखवले.

"नाही ना जी," ते म्हणाले. "एकही बोल्ट ठोकावा नाही लागला."

"म्हणूनच म्हणतोय."

त्यांनी कप खाली ठेवला. पुढे समजावून सांगायची गरज पडली नाही.

मी शाळेत फोन लावला. कारकुनांनी उचलला. "बाई प्रार्थनेला आहेत. निरोप सांगा, लिहून घेतो."

"डोमवर एकाही मुलाला चढू देऊ नका. त्यातला एक षटकोन सपाट आहे."

"सपाट?" पलीकडे लिहिण्याचा आवाज थांबला. "म्हणजे बरंच झालं ना? कोणी पडणार नाही."

इतक्या वर्षांत माझ्या विषयातली एक गोष्ट मला तेव्हा कळली. 'सपाट' हा शब्द ऐकणाऱ्याला सुरक्षित वाटतो. मी म्हणालो, "लिहा, मुलं पडतील." ते त्यांनी लिहून घेतलं.

मग मालकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मला एक सांगा. आज मुलं चढली तर आज काही होईल का?"

प्रश्न नेमका होता, आणि त्याचं नेमकं उत्तर मला माहीत होतं. सपाट षटकोन लगेच कोसळत नाही. बोल्टच्या भोकांत मिलिमीटरभर सैलपणा असतो. तेवढ्यावर मधला सांधा वजनाखाली चार-पाच सेंटिमीटर आत जातो आणि वजन काढलं की परत येतो. प्रत्येक उडीला दांड्यांची चपटी टोकं पुढेमागे वाकतात. तार वाकवून वाकवून तोडतात, तसं ते चालतं. तार पहिल्या वाकवण्याला तुटत नाही. कितव्याला तुटेल हे सांगता येत नाही.

"आज बहुधा नाही," मी म्हणालो.

"मग आज होऊ द्या ना. पालक येणारेत, फोटो निघणारेत. रविवारी शाळा बंद असते. जाऊन निवांत बदला. कशाला गाजावाजा?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. हे लिहिताना ते गाळता आलं असतं. मी मनात रविवारपर्यंतचे दिवस मोजत होतो, आणि त्याला भूमिती म्हणत नाहीत.

वामनराव दारात उभे होते. त्यांच्या एका हातात पान्यांची पेटी होती आणि खांद्यावर निळ्या-हिरव्या दांड्यांचा जुडगा. "पोरं लटकतीन तिथं," ते म्हणाले. मालकांकडे न बघता, माझ्याकडे बघून. "येता, का मी रिक्षा करू?"

आम्ही टेम्पोने गेलो. पोचलो तेव्हा प्रार्थना संपली होती आणि दुसरीचा वर्ग डोमपाशी रांगेत उभा होता. शाळेचे व्यायामशिक्षक हात आडवे करून रांग अडवत होते. निरोप पोचला होता.

मुख्याध्यापिका लिमये बाई पुढे आल्या. "शनिवारी आपलं काम पूर्ण झालं, असा आमचा समज होता."

"आमचाही होता," मी म्हणालो.

"कुठलं बिघडलंय?"

तेच मला माहीत नव्हतं. डोमच्या माथ्यावर एक पंचकोन होता आणि त्याच्याभोवती पाच पूर्ण षटकोन. त्यांतला एक. खालून सगळे सारखे दिसत होते. दांडे चार रंगांत रंगवलेले, मागे झाडं, भिंत, आकाश. मी कारखान्यातून आणलेली टेप काढली. साइटवर टेप काढायची ती माझी पहिलीच वेळ. लिमये बाईंनी घड्याळ पाहिलं.

तोवर वामनराव आत शिरले होते. त्यांनी खिशातून ओळंब्याची दोरी काढली आणि शिडीवर चढून पहिल्या षटकोनाच्या एका कोपऱ्याला बांधली. समोरच्या कोपऱ्यापर्यंत ती ताणून धरली आणि दुसऱ्या हाताची वीत दोरीपासून वरच्या सांध्यापर्यंत लावली. वीत बरोबर भरली.

"हा पास," ते म्हणाले.

दुसरा पास. तिसरा पास. आता रांगेतली मुलं त्यांच्याबरोबर 'पास' म्हणू लागली होती. चौथ्याला सगळा वर्ग ओरडला. पाचवा कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून होता, फोटोत न आलेला. वामनरावांनी दोरी ताणली आणि ती सांध्याला टेकली. मध्ये बोटही जाईना. या वेळी मुलं गप्प बसली.

त्यांनी तळहाताने सांधा बाहेर ढकलून पाहिला आणि मग खाली ओढला. तो आत आला, सोडल्यावर परत गेला. टक् असा आवाज झाला. लिमये बाईंनी तो ऐकला आणि रांगेकडे वळून म्हणाल्या, "दुसरी अ, वर्गात चला."

जुना दांडा सोडवून वामनरावांनी तो माझ्याकडे दिला. मी म्हणालो, "यावर किती ठिपके आहेत?"

मला टोचायचं नव्हतं. रंगाने ठिपके बुजले असतील का, एवढंच पाहायचं होतं. त्यांनी टोकावर अंगठा फिरवला, दांडा हात पूर्ण लांब करून धरला, मान मागे घेतली. मग आणखी मागे घेतली.

"तीन," ते म्हणाले.

दोन होते. रंगाने थोडे भरले होते, पण दोन होते.

लिमये बाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी गळ्यातला साखळीचा चष्मा काढला आणि वामनरावांपुढे धरला. "घ्या. दोनचा नंबर आहे. चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही चालतो."

"मले चष्मा नाही जी."

"ते दिसतंच आहे. लावा."

त्यांनी लावला. साखळी कानावरून लोंबत होती. दांड्याच्या टोकाकडे ते बराच वेळ बघत राहिले, ठिपके मोजायला लागतो त्याहून जास्त.

"दोन आहेत," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे, हलक्या आवाजात, "कड्याचा रंग दुरून दिसे, साहेब."

त्या वाक्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. वीस वर्षं ते रंग वाचत होते. जवळचं दिसेनासं झालं तरी रंगाने त्यांचं काम अडू दिलं नव्हतं, त्यामुळे चष्म्याची गरज कोणालाच कळली नव्हती. बहुधा त्यांनी ती स्वतःलाही कळू दिली नव्हती. मी टेबलावर बसून खूण बदलली, आणि ती वाचायची कोणी याचा विचार केला नाही.

खरे आरे बसवायला पाऊण तास लागला. पाच बसले, सहावा बसेना, नेहमीप्रमाणे. व्यायामशिक्षकांनी शिडीवर चढून खांद्याने सांधा बाहेर रेटला, मी त्यांची शिडी धरली, आणि वामनरावांनी, बाईंचा चष्मा लावूनच, शेवटचा बोल्ट सरकवला. मग त्यांनी दोरी लावली. वीत भरली. शेवटी ते स्वतः त्या षटकोनाला लटकले आणि दोन झोके घेतले. वर्गाच्या खिडक्यांतून टाळ्या आल्या.

"आता झालं का पूर्ण?" लिमये बाईंनी विचारलं. "की आणखी कोणाचा काही समज आहे?"

तिसऱ्या तासाला दुसरी अ डोमवर चढली. डोम अजून तिथेच आहे.

मालकांनी पुढे तो विषय काढला नाही. कारखान्याच्या नोंदवहीत असल्या घटनेसाठी एक रकाना असतो: चूक कोणाकडून. मी तिथे 'खुणांच्या पद्धतीत दोष' असं लिहिलं. वाक्य खोटं नव्हतं. पण पद्धत आपोआप तयार होत नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं.

रंगाची कडी पुन्हा सुरू झाली. शिवाय ड्रॉइंगवर एक नवा नियम आला: प्रत्येक पूर्ण षटकोनाला समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरी ताणून मध्याची उंची तपासावी. माप डोमच्या आकारानुसार, वीत-बोटांत, मी काढून द्यायचो. या चाचणीला टेप लागत नाही, चष्मा लागत नाही, भूमिती यावी लागत नाही. माझ्या सव्वीस वर्षांच्या हिशेबांत इतकं निर्दोष काही मला सुचलेलं नाही. पुढे दुसऱ्या कारखान्यांचे फिटरही ती करताना दिसले. कोणाकडून शिकलात विचारलं, तर म्हणत, असंच करतात.

निवृत्तीच्या आधी मी सगळ्या ड्रॉइंगच्या टिपा नव्याने लिहून काढत होतो. त्या चाचणीला वामनरावांचं नाव द्यावं असं मनात आलं. कागद घेऊन खाली गेलो. त्यांच्या नाकावर तोवर स्वतःचा चष्मा आला होता. त्यांनी ओळ वाचली, पेन मागितलं आणि आपलं नाव खोडलं.

"काहून?" मी त्यांच्याच शब्दात विचारलं.

"नाव टाकलं तर लोक विचारतीन ना जी," ते म्हणाले, "याले हे सुचलं कसं."

म्हणून या लेखातही त्यांचं नाव मी बदललं आहे. खुणा बदलायचं ज्याने ठरवलं, त्याचं बदललेलं नाही; ते लेखक म्हणून लेखाच्या वर छापलं आहे.